अंजनटोलीची तारीख

"बिनदुधाची असेन मी, पण माय आहे! ऐकलंत का? माय आहे मी तिची!"

वैजयंतीने पदर छातीशी गच्च धरला, डोळ्यांत टचकन पाणी आणलं आणि टेबलापलीकडच्या पाच जणांकडे पाहत ती तशीच उभी राहिली. पाचांतल्या एकाने गमछ्याने डोळे टिपले. दुसरा म्हणाला, "जमलं जी. हेच नाटक पायजे आमाले." त्याने पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. वैजयंतीने पदर सोडला, खुर्चीत बसली आणि निवत आलेला चहा एका घोटात संपवला. सकाळपासूनची तिची ही सातवी माय होती.

सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. दसरा उलटला की वडशाला नाटकांचा बाजार भरतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते, आणि ज्या मंडईत नाटक नाही ती मंडई कसली? मग गावोगावची मंडळं टेंपोत बसून वडशाला येतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नाटक कंपन्यांची ऑफिसं, दारादारांवर हिरोइनींचे हातभर मोठे चेहरे. मंडळवाले या दारातून त्या दारात जातात, चहा पितात, नखरे करतात, बैलाचे दात पाहावेत तसं एकेक नाटक तपासतात. त्यांना नुसतं पोस्टर पुरत नाही. हिरोइन समोर पाहिजे आणि नाटकातला एक तरी कडक प्रवेश तिथल्या तिथे करून दाखवला पाहिजे. बाकीचं नाटक लिहून झालेलं असतं असंही नाही. नाव ठरलेलं असतं, पोस्टर छापलेलं असतं आणि एक प्रवेश पाठ असतो. उरलेलं नाटक तारखा विकल्या गेल्यावर लिहायचं.

ते लिहिणारा मी. वामन ठेंगरी. मृगनयनी नाट्य रंगभूमीचा लेखक, तालीम घेणारा, प्रॉम्प्टर, आणि बाजाराच्या दिवसांत तारखांची वही सांभाळणारा. सगळे मला मास्तर म्हणत. अकरा वर्षांत एकाही मंडळाने विचारलं नव्हतं की हे नाटक लिहिलं कोणी? हिरोइन कोण, डान्सर किती, कॉमेडीला कोण, एवढं विचारून झालं की नारळ ठेवून तारीख पक्की. पोस्टरवर माझं नाव छापखान्याच्या नावाला खेटून असायचं. एकदा एका गावच्या अध्यक्षाने मला सहा चहा सांगायला पाठवलं होतं. मी सांगून आलो. आता हसू येतं, पण तेव्हा त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. 'बिनदुधाची माय' मी दसऱ्याच्या आधीच पुरं लिहून ठेवलं होतं, अठरा दिवसांत. कंपनीचे मालक यादवराव लांजेवार हे नाटकाच्या वाचनाला हमखास झोपणारे गृहस्थ. ते या वाचनाला जागे राहिले. दुसऱ्या अंकातलं ते वाक्य आलं तेव्हा उठून बसले आणि म्हणाले, "मास्तर, हेच नाटकाचं नाव. कुठून आणलंत हे?" मी म्हटलं, "सुचलं." ते खरं नव्हतं.

बाजाराच्या चौथ्या दिवशी दुपारी वैजयंती आठव्या मंडळासमोर उभी होती. मी वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. दारात कोणी तरी उभं आहे असं वाटलं म्हणून मान वर केली, तर बाई. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो. माझी बाई पार्बता, अंजनटोलीला दिलेली. हातात पिशवी आणि चेहऱ्यावर हसू. भावाचं ऑफिस ती पहिल्यांदाच पाहत होती. मी डोळ्यांनीच म्हटलं, थांब जराशी.

आणि वैजयंती म्हणाली, "बिनदुधाची असेन मी, पण माय आहे!"

बाईचं हसू गेलं. दचकली नाही, ओरडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मंडळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, नारळ ठेवला. मी उठलो, तिला घेऊन ऑफिसच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे पडद्याचे बांबू रचून ठेवले होते. बाई एका बांबूवर टेकली.

"हे मी बोलली होती," ती म्हणाली.

"बाई, नाटकात लोक काहीबाही बोलतात."

"काहीबाही नाई. मी बोलली होती, परसात. तुह्या हातात बकरीच्या दुधाची वाटी होती."

खरं होतं ते. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. बाई सहा महिने माहेरी येऊन राहिली होती, सोबत तिची कुमारी नणंद इंदिरा. पोट इंदिराचं होतं. गावाला सांगितलं होतं की दिवस पार्बताला गेले आहेत, आणि नणंद सोबतीला चालली आहे. मुलगी झाली. इंदिरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, लेकराला हात लावेना. मी रोज सकाळी बकरीचं दूध आणायचो आणि बाई कापसाची वात त्यात भिजवून त्या चिमणीएवढ्या तोंडात धरायची. एकदा आई तिला म्हणाली, "पोरी, कोनाचं ओझं घेतं तू? तुले दूध तरी आहे का?" तेव्हा बाई बोलली होती, "नसन. मी बिनदुधाची माय आहो, पन माय आहो."

पोरीचं नाव सुगंधा. बाई तिला घेऊन अंजनटोलीला गेली ती माय होऊनच. पुढे इंदिराचं लग्न झालं, नवरा शाळामास्तर, दोन मुलगे झाले. बाईला स्वतःचं लेकरू झालं नाही, आणि तिने त्याची कधी खंतही केली नाही. हे जाणणारी माणसं पाच. आई तोवर गेली होती. उरलो आम्ही चार: बाई, तिचा नवरा, इंदिरा आणि मी.

"मी सगळं बदललं आहे," मी म्हटलं. "गावाचं नाव वेगळं. नणंद नाहीच, तिची मैत्रीण आहे. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"सा महिने माहेरी जाते का ते?"

मी मान डोलावली.

"बकरीचं दूध?"

"बाई, तो प्रवेश इतका चांगला झाला आहे की..."

"चांगला झाला," ती म्हणाली. नुसतंच म्हणाली. मग बराच वेळ बांबूची साल नखाने सोलत राहिली. "बंद कर म्हनलं तर करशीन?"

"एकतीस गावांनी घेतलं आहे. मालक मला उभा जाळतील."

"बरं. एक करजो मंग. अंजनटोलीले देजो नोको. दुसऱ्या गावात माहं कोनी नाई, कोनी वळखनार नाई. पन आमच्या मंडईले इंदिरा येते, तिचा नवरा येते. यंदा सुगंधाचे सासरचेबी येनार आहेत. जमून रायलं तिचं. कुकू लावाचं तेवढं बाकी आहे." तिने पिशवी सावरली. "उद्या आमच्या गावचं मंडळ येते तुमच्या इथं. मीच पाठवलं. डोमाजीले म्हनलं, दुसऱ्याकडं कायले जाता? माहा भाऊ लिहिते नाटक, त्याचं घ्या."

"मग मी त्यांना दुसरं देतो. नाही तर तारीख नाही म्हणतो. वही माझ्याच हातात आहे."

"आन घे."

"तुझ्या गळ्याची आण, बाई."

तिचा चेहरा सैल झाला. पिशवीतून तिने केळीच्या पानात बांधलेले लाखोरी डाळीचे वडे काढून माझ्या हातात दिले. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "माय! चाल ना वं, बांगड्यावाला दुकान लावून रायला!" सुगंधा समोरच्या ऑफिसवरची पोस्टरं पाहत उभी होती. सतरा वर्षांची, नाकात नवी चमकी. मला पाहून लाजली आणि म्हणाली, "मामा, तुमचं नाव कुठं आहे जी पोस्टरवर? मले दिसूनच नाई रायलं." मी बोट ठेवून दाखवलं. ती वाकली, डोळे बारीक करून वाचलं आणि हसली. "यवढुसं?"

बाई तिला घेऊन गेली. 'माय' म्हणून हाक मारत, तिच्या पदराला धरून रस्ता ओलांडणारी ती पोरगी मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अंजनटोलीचं मंडळ आलं. डोमाजी कुथे अध्यक्ष, पांढरी टोपी, सोबत सहा जण. यादवरावांनी गादीवर बसवलं, चहा सांगितला, वैजयंतीला खूण केली. ती पदर सावरत उठली. डोमाजीने हात वर केला.

"बसा बाई, बसा. आमाले हिरोइन नाई पाहाची."

यादवरावांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं गिऱ्हाईक गेलं.

"लेखक कोन आहे?" डोमाजीने विचारलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा हा शब्द त्या खोलीत गिऱ्हाइकाच्या तोंडून निघाला होता. यादवरावांनी कोपऱ्याकडे बोट केलं. डोमाजी उठला, माझ्यापाशी आला, आणि माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"आमच्या पार्बतावयनीचे भाऊ तुमी. म्हंजे गावाचे सोयरे. गावात आमी ठरवून आलो. ते बिनदुधाची माय म्हनून नाटक आहे, सारा बाजार त्याचंच नाव घेऊन रायला. तेच पायजे. पन आमची अट आहे. पोस्टरवर लेखकाचं नाव वरतं, हिरोइनीच्याबी वरतं. आन नाटकाच्या अगुदर तुमचा सत्कार. शाल, नारळ, माइकवर चार शब्द बोला. आमच्या लेकरायले कळू द्या लिहिनारा मानूस कसा रायते."

मी म्हटलं, "दुसरं एक नाटक आहे. ते पहा ना. 'रक्ताचा उंबरठा'. कॉमेडी भरपूर आहे त्यात."

मीच सांगतो, इतक्या मरतुकड्या आवाजात मी आयुष्यात दुसरं काही विकलं नसेल.

"नाई जी," डोमाजी म्हणाला. "वयनीचा भाऊ, आन त्याचं सगळ्यात चांगलं नाटक आमाले नाई भेटत, असं कसं?"

यादवरावांनी माझ्याकडे पाहिलं. अंजनटोलीची मंडई मोठी. तिने उचललेलं नाटक आसपासची सात-आठ गावं डोळे झाकून उचलतात, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी जोर केला नाही, दम दिला नाही. याचा दोष मी त्यांच्यावर कधीच टाकला नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "मास्तर, अंजनटोलीची तारीख मोकळी आहे का?"

वही माझ्या मांडीवर होती. पान उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. लोक रोज बोलतात. मी पानाकडे पाहिलं, डोमाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता तशी नजर मी फक्त वैजयंतीकडे वळलेली पाहिली होती. मनात म्हटलं, लोक रडतात, घरी जातात, विसरतात. कोण कशाला सतरा वर्षांपूर्वीचे महिने मोजत बसतं? बाई उगाच घाबरते. बाईलाही अभिमान वाटेल, सगळ्या गावासमोर भावाला शाल मिळाली म्हणून.

"मोकळी आहे," मी म्हटलं.

नारळ टेबलावर आला. मी वहीत अंजनटोली लिहिलं. अक्षर छान आलं होतं.

बाईला मी कळवलं नाही. तिला पोस्टरवरूनच कळलं असणार. आठवड्याभरात ते अंजनटोलीच्या देवळाच्या भिंतीवर लागलं, वामन ठेंगरी हे नाव सगळ्यात वर, बोटभर जाड अक्षरांत. तिने निरोप पाठवला नाही, भांडायला आली नाही. भाऊबीजेला ओवाळायला बोलावलं नाही, तेव्हा मी समजायचं ते समजलो होतो. तरी गेलो. मंडईच्या दिवशी नवा सदरा घालून गेलो.

संध्याकाळी तिच्या घरी टेकलो, तर घर पाहुण्यांनी गजबजलेलं. इंदिरा आलेली, तिचा नवरा, दोन्ही मुलगे. सुगंधाचे होणारे सासू-सासरे ओसरीवर. बाईने मला पाणी दिलं, जेवायला वाढलं. माझ्याकडे पाहिलं नाही. सुगंधाच तेवढी मला सगळ्यांपुढे मिरवत होती. "हे माहे मामा. मामाचंच नाटक आहे आज."

बाई म्हणाली, "माहं डोकं दुखते. मी घरीच राहातो. सुगंधा, तूबी राहा."

"माय, मामाचा सत्कार आहे! मी नाई राहात."

मग बाई तिच्यामागोमाग आली. पोरीला एकटी सोडायला तिचा जीव झाला नसावा.

सत्कार झाला. डोमाजीने शाल घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, माइक माझ्या हातात आला. काय बोलायचं ते मी ठरवून आलो होतो, आभाराची चार वाक्यं. ती झाली. टाळ्या थांबल्या. मला त्या आणखी हव्या होत्या. म्हणून मी म्हणालो, "हे नाटक मी कल्पनेतून रचलेलं नाही. ते तुमच्याच मातीतून उचललं आहे. याच गावातून."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

लेखक लोक असं बोलतात. कुठल्याही गावात गेलं की हेच बोलतात आणि कोणी ते मनावर घेत नाही. पण गाव माझ्या बहिणीचं होतं, आणि समोरच्या माणसांनी ते मनावर घेतलं. पडदा उघडला तेव्हा ते नाटक पाहायला बसलेच नव्हते. ते घर शोधायला बसले होते. कोणाच्या घरातलं? लेखकाचं सोयरं कोण? सहा महिने माहेरी कोण गेलं होतं आणि सोबतीला कोण गेली होती? मी पडद्याआड पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करत होतो. दुसऱ्या अंकात वैजयंती म्हणाली, "बिनदुधाची असेन मी, पण माय आहे!" हमखास टाळीची जागा. त्या गावात टाळी पडली नाही. मी फटीतून पाहिलं. बायकांच्या बाजूला सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. इंदिरा खाली मान घालून बसली होती. बाई समोर रंगमंचाकडे पाहत होती. आणि सुगंधा बाईकडे पाहत होती.

ते नाटक पुढे एकशे चाळीस गावांत झालं. दुसऱ्या वर्षापासून वडशाच्या बाजारात मंडळं माझं नाव घेऊन यायला लागली, आणि पोस्टरवर ते वरच राहिलं. इतर कंपन्यांनीही लेखकांची नावं मोठी छापायला सुरुवात केली. आता तरुण लेखक मला भेटतात, पाया पडतात, म्हणतात तुमच्यामुळे आम्हाला मान मिळाला. मी त्यांना चहा पाजतो. बाईला जाऊन नऊ वर्षं झाली. सुगंधाचं ते लग्न मोडलं, नंतर दुसरीकडे झालं, लांब, बल्लारपूरकडे. मला पत्रिका आली नव्हती.

पण मला आठवते ती मंडईची दुसरी सकाळ. पडद्यामागेच थोडा डोळा लागला होता. उजाडल्यावर बाईच्या घरी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. ओसरी रिकामी होती. सुगंधाच्या सासरची माणसं वडे न खाताच निघून गेली होती. इंदिराचा नवरा सायकल काढून एकटाच गेला होता, मुलांना घेऊन. इंदिरा आतल्या खोलीत होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशी पडलेली मी तिला आधी एकदा पाहिली होती. बाईचा नवरा अंगणात बसून होता. त्याने मला पाहिलं आणि मान फिरवली.

बाई चुलीपाशी वडे तळत होती. एवढं सगळं झालं तरी पाहुण्यांसाठी भिजवलेलं पीठ वाया जायला नको म्हणून असेल. मी दारात उभा राहिलो. खांद्यावर ती शाल तशीच होती, काढायचं भान राहिलं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं नाही.

सुगंधा परसातून आली. डोळे सुजलेले, नाकातली चमकी काढून टाकलेली. तिने मला पाहिलं. मला वाटलं ही आता काही तरी बोलेल, ओरडेल, मामा म्हणून जाब विचारेल, आणि मी तिच्या पायावर डोकं ठेवीन. ती माझ्याशी बोललीच नाही. घडवंचीवरचा तांब्या तिने उचलला, चुलीकडे वळली आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर नीट लावून बोलली,

"मामी, पाव्हन्याले पानी देऊ का?"

बाईच्या हातातला झारा तेलावर थांबला. वडा करपू लागला, त्याचा वास घरभर झाला. मग तिने तो वडा काढला, बाजूला ठेवला, आणि चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाली,

"दे."